लेख छान, पण एक दुरुस्ती

व्हॅटिकनवरच्या या लेखात पोपच्या रक्षकांच्या, म्हणजे स्विस गार्डांच्या पोशाखाचं वर्णन वाचायला मजा आली. फक्त चित्रकार मायकेलअँजेलोने तिथल्या सिस्टीन चॅपल या प्रार्थनागृहाचं छत पाठीवर झोपून रंगवलं, असं लेखात आलंय, ते तसं नाही. १५०८ ते १५१२ या काळात तो परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करत होता. त्या हालांवर त्याने एक कविताही लिहिली आणि शेजारी स्वतःचं छोटं रेखाचित्र काढलं. खाली उभं राहून थोडा वेळ वर बघितलं की आपलीच मान धरते, मग पटतं!

बाकी ‘०.४४ चौरस किलोमीटरचा देश, दोन तासांत उरकतो’ हे लेखातलं वाक्य कुणी मनावर घेऊ नका. निव्वळ व्हॅटिकनच्या संग्रहालयात अर्धा दिवस जातो. गर्दीचा लोंढा सगळ्यांना सिस्टीनकडे ढकलत असतो आणि वाटेतल्या नकाशांच्या दालनातून माणसं छताच्या सोनेरी नक्षीचे फोटो काढत सरळ पुढे निघून जातात. भिंतींवर सोळाव्या शतकातले इटलीच्या प्रांतांचे चाळीस भलेमोठे नकाशे आहेत, समुद्रात जहाजंसुद्धा रंगवलेली. मला विचाराल तर तिथेच रेंगाळावं. (सिस्टीनमध्ये तसंही फोटो काढू देत नाहीत.)

महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो खरा, पण रांग बघूनच घाम फुटतो. इतर रविवारी संग्रहालय बंद.

आणि घरी पत्र पाठवायचं असेल तर व्हॅटिकनचं तिकीट लावून तिथल्याच पेटीत टाका. बाहेर रोममध्ये इटलीचं टपाल खातं, तिथे ते तिकीट चालत नाही.