ज्वालाग्राही खोबरं

नाताळच्या सुट्टीत दिराकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं. चौघांच्या तिकिटांच्या पैशात इथे एखादं आटोपशीर लग्न लागलं असतं, पण ते सोडा. माझं डोकं अजून तापलेलं आहे ते खोबऱ्यावरून.

दोह्यामार्गे जाणारं पहाटेचं विमान. सासूबाईंची निळी बॅग एक्स-रे यंत्रातून बाहेर आली आणि यंत्रामागच्या पोराने बोट वर केलं. "मॅडम, इसमें सूखा नारियल है क्या?"

होतं. पाव किलो वाट्या, सासूबाईंनी इतवारीत वास घेऊन घेऊन निवडलेल्या. जावेला पाटवडी रस्सा खायचा होता.

"नहीं जाएगा. आग पकडता है."

२०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हाही आमच्या फ्रिजवरच्या डब्यात खोबरं होतंच. फ्रिज बंद पडला, खोबरं जागचं हललं नाही. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. मी नंतर मोबाईलवर शोधलं, तर विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला चक्क नंबर आहे, यूएन १३६३, वर्ग ४.२. म्हणजे आपोआप पेट घेणारे पदार्थ. त्यातल्या तेलामुळे ढिगारा आतल्या आत तापतो म्हणे. अहो, पण ढिगारा! पाव किलोचा कसला ढिगारा?

"बॅग खोला."

इथे आमच्या मागच्या काकू पुढे आल्या. अंगावर शाल, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. लेकीकडे दोह्याला निघालेल्या. कोणी न विचारता त्यांनी आमची बॅग ताब्यात घेतली.

"खोबरं काऊन आणलं बाप्पा? ते पेटते ना!" त्या यंत्रवाल्यापेक्षा मोठ्याने म्हणाल्या. मग एकेक वस्तू वर यायला लागली आणि प्रत्येकीवर भाष्य. संत्रा बर्फीचे डबे: "एवढी कोण खाते? तिकडे सगळ्यांले शुगर असते." लोणच्याची बरणी: "हे चांगलं बांधलं." ती बांधली होती सासूबाईंच्या परकरात, आणि तो काकूंनी दिव्याखाली धरून गाठ कशी मारली ते पाहिलं. सासूबाई खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्या नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते. शेवटी नवऱ्याचे थर्मल निघाले. "हे कोनाचे?"

कोणाचे ते मी सांगणार तरी कोणाला? नवरा तोवर ट्रॉली घेऊन पार चहाच्या स्टॉलपाशी पोचला होता. पार्किंगवरून वॉचमनशी तासभर भांडू शकणारा हा माणूस विमानतळावर आपल्या बायकोला ओळखत नाही. मुलगाही त्याच्याच शाळेत शिकलाय.

"मी पन खोबरं नेऊन राहिली," काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, पण आवाज तोच. "किसलं, भाजलं, मसाल्यात कुटलं. आता पेटव म्हना!" यंत्रवाल्याने वर पाहिलं. काकूंनी त्याला विचारलं, "तू कुठचा रे? जेवला का?" तो काटोलचा निघाला. मग काकूंची नणंद काटोलचीच निघाली, मग त्यांच्या संत्र्याच्या बागेला यंदा बहार कसा आला ते झालं. मागची रांग दरवाजापर्यंत गेली होती आणि सगळी रांग आमच्या परकराकडे बघत होती. काकूंची बॅग यंत्रातून कधी गेली ते कोणाला कळलंही नाही. आमच्या वाट्या मात्र कोपऱ्यातल्या खोक्यात गेल्या. आत आधीच लायटर, काडेपेट्या आणि कोणाचा तरी हार घातलेला सुका नारळ होता.

नियमाला माझी ना नाही. पण मग तो तिकीट काढताना सांगा. पासपोर्टचा नंबर, जेवण शाकाहारी की मांसाहारी, खिडकी हवी का, सगळं विचारता, त्याचे वेगळे पैसेही घेता. तिथेच एक ओळ खोबऱ्याची टाकली असती, तर अख्ख्या नागपूरपुढे आमच्या घरचे कपडे निघाले नसते.

न्यू जर्सीत पोचल्यावर जावेला हे सगळं सांगितलं. ती हसून म्हणाली, "अगं, खोबरं कशाला आणायचं? इथल्या देशी दुकानात मिळतं की, किसलेलं."

तिने पाठवलेल्या यादीत खोबरं पहिल्या नंबरवर होतं. ती यादी माझ्या फोनमध्ये आहे, पण अजून दाखवली नाही. सुट्टी संपेपर्यंत तिच्याच घरी राहायचंय.