रोज तीन रील आणि दारात गिऱ्हाईक?

कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: ‘रोज तीन रील टाका, प्रत्येकीला तीस हॅशटॅग लावा, चालली की बूस्ट (पैसे देऊन जाहिरात) दाबा. दहा हजार फॉलोअर झाले की दलाल नको, वाशीचा घाऊक बाजार नको, गिऱ्हाईक आपोआप दारात.’ ऐकायला झकास आहे. एकेक तुकडा तपासू.

आधी ते दहा हजार. विकायला माल आहे किती? थेट विक्रीसाठी ३०० पेट्या धरा. एका घराने हंगामात दोन घेतल्या तर १५० घरांत बाग संपली. चार खोल्यांच्या होमस्टेचं गणित याहून लहान. तिथे शनिवार-रविवार आणि मे महिना तसाही भरतो, रिकामे जातात ते मंगळवार-बुधवार आणि जुलै-ऑगस्ट. फॉलोअर वाढले म्हणून कलमाला आंबे जास्त धरत नाहीत. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले, ते दिसतं. तुमची पेटी जिथे पोचतच नाही ती शहरं वर असतील, तर तो आकडा नुसता मिरवायचा.

मग ही १५० घरं धरून कशी ठेवायची? त्याला व्हॉट्सॲप बिझनेस लागतं, आणि नेमका त्याचा उल्लेख या सल्ल्यात नाही. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जण बसतात, म्हणजे एक लिस्ट पुरते. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांपुढे एकच टिक राहते आणि आपण म्हणतो, ‘लोक उत्तरच देत नाहीत.’ म्हणून प्रत्येक पेटीत चिठ्ठी घाला: बागेचं नाव, नंबर आणि ‘पुढच्या हंगामासाठी सेव्ह करून ठेवा’ ही ओळ. मागच्या वर्षीचे, आगाऊ दिलेले, पुण्याचे, ठाण्याचे असे लेबल लावा. कॅटलॉगात चार डझनी आणि पाच डझनी पेटी वेगवेगळी टाका. दर उतरला की त्याच दिवशी तिथेही बदला; मार्चचा दर मेमध्ये तसाच राहिला तर गिऱ्हाईक न विचारताच निघून जातं. हंगामात मेसेज तीनच: फळ धरल्यावर, तोडणीच्या आठवडाभर आधी आणि उरलेला माल कॅनिंगला जाण्यापूर्वी. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होऊ शकतो. गिऱ्हाइकांची यादी कागदावरही असू द्या.

तीस हॅशटॅगांचा सल्ला शिळा आहे. खुद्द इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच तीन ते पाच पुरेत असं सांगितलं. त्यापेक्षा प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात ‘देवगड हापूस, पुणे घरपोच’ असं लिहा. शोधताना तो रकाना धरला जातो. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, व्हॉट्सॲपची लिंक बायोमध्येच द्या. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर प्रमाणपत्राचा फोटो वर पिन करा. ‘कर्नाटकचा तर नाही ना?’ हा प्रश्न तिथेच मिटतो.

रोज तीन रील काढायच्या तर तिसऱ्या दिवसापासून तोच सूर्यास्त दिसणार. आठवड्याला एकच काढा, पण गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं त्याचं उत्तर देणारी. पेटी आली की काय करायचं, कच्चा आंबा फ्रिजमध्ये का ठेवू नये, साका (आतला गर खराब असणं) बाहेरून कळत नाही म्हणून कापल्यावर निघाला तर फोटो कुठे पाठवायचा आणि बदली कशी मिळेल, असे विषय घ्या. मोबाइल उभा धरा, पहिल्या दोन-तीन सेकंदांत कापलेली फोड दाखवा. वाऱ्यात आवाज वाहून जातो आणि बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, तेव्हा मराठी अक्षरं टाका. ती अगदी खाली नकोत, बटणांमागे झाकतात. धंद्यासाठी सिनेमाचं गाणं वापरायचा हक्क आपल्याला नसतो. आवाज बंद होऊ शकतो, म्हणून आढी लावतानाचाच आवाज राहू द्या.

बूस्ट वाईट नाही, आंधळेपणाने दाबणं महाग पडतं. उद्देश ‘प्रोफाइल भेटी’ ठेवला तर भेटीच मिळतात, ऑर्डर नाहीत. ‘मेसेज’ निवडा आणि ठिकाण म्हणून अख्खा भारत न देता तुमची गाडी जाते तेवढीच शहरं द्या. रोज २०० रुपये, पाच दिवस. हजार रुपयांत समजा २० चौकश्या आल्या आणि चार पेट्या गेल्या, तर पेटीमागे २५० रुपये जाहिरातीला गेले. तेवढी कमाई पेटीत उरते का, ते बघून पुढचे पैसे घाला. तोडणीच्या दिवसांत, बागेत रेंज नसताना बूस्ट चालू ठेवू नका; संध्याकाळी दिलेल्या उत्तरापर्यंत गिऱ्हाइकाने दुसरीकडे पैसे भरलेले असतात.

होमस्टेवाल्यांनी तर रीलच्या आधी गुगल मॅपवरची नोंद नीट करावी. पिन घराच्या गेटवर हवी, वाडीच्या मध्यावर नको. खाडीपलीकडचं गाव नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतं, आणि रात्री फेरीबोट संपल्यावर दाभोळला आलेल्या पाहुण्याला धोपाव्याचं घर गाठायला लांबचा वळसा पडतो. शेवटच्या फेरीची वेळ बुकिंगच्याच मेसेजमध्ये टाका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि पावसाळ्यात जलक्रीडाही बंद. हे आधी सांगितलं नाही, की सुरमई न मिळाल्याचा राग गुगलवरच्या एका ताऱ्यात निघतो.

आता ‘वाशी नको’. थेट विक्रीला चालतं ते निवडलेलं, एकसारखं फळ. बारीक आणि डागी माल, किंवा एकदम तयार झालेल्या बागेचा लोंढा, जो शंभर मेसेजांची उत्तरं येईपर्यंत थांबत नाही, तो वाशीला आणि कॅनिंगलाच जाणार. ती वाट मोडू नका. आणि ‘ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून टाकलाच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.