नंबराची चिठ्ठी लावून काय होतं भो, मार्क का दिले ते लिहा

जानेवारीत जळगावला स्केल मॉडेलची, म्हणजे खऱ्या वस्तूच्या मापात लहान केलेल्या नमुन्यांची, स्पर्धा झाली, मी तीन जजपैकी एक होतो. स्पर्धेचं अन् आयोजकांचं नाव घेत नाही, त्यांनी पदरचे पैसे टाकून मनापासून केलं सगळं. मला जे बोलायचंय ते माझ्याबद्दल अन् आपण सगळे जी जजिंग करतो त्याबद्दल आहे. तीन महिने डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहून काढतो, लांबेल पोस्ट.

निकाल लागला, फोटो झाले, पोरं खुर्च्या उचलायला लागली तेव्हा एक माणूस माझ्यापाशी आला. यावल साइडचा शेतकरी, हातात बुटाचा खोका, खोक्यात थर्माकोल कोरून त्यात पोराने केलेलं मिग-21 लढाऊ विमान बसवलेलं. पोरगा नववीतला, बापाच्या मागे उभा. बाप म्हणे, "भाऊ, याचं काय चुकलं तेवढं सांगून द्या, पुढच्या टायमाला सुधरेल तो." आवाजात राग नव्हता, वाद घालायला आलेला माणूस असा बोलत नाही, त्याला खरंच माहिती करून घ्यायचं होतं. मी माझी शीट काढली. नंबर 15 समोर माझ्या हाताने 6.5 लिहिलेलं, बाकी काही नाही. साडेसहा का, ते मलाच आठवेना. मी आपलं "छान आहे, फिनिशिंगवर थोडं लक्ष दे" असं म्हणून मोकळा झालो, पोरगा "हो सर" म्हणाला, अन् ते दोघं मोटरसायकलवर खोका मांडीत धरून चालले गेले.

फिनिशिंगवर लक्ष दे म्हणजे काय? चौदा वर्षाच्या पोराने घरी जाऊन नेमकं काय करायचं यातून?

आता आपल्याकडे निष्पक्ष म्हणजे काय समजतात, तर मॉडेलपुढे नाव ठेवायचं नाही, नंबराची चिठ्ठी ठेवायची. मोठ्या शहरात चालत असेल. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार सगळं धरून सिरियसली मॉडेल करणारे किती आहेत? सगळे एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कोणी डबा उघडला की फोटो, प्रायमर मारला की फोटो, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) लावले की स्टेटस. त्या दिवशी टेबलावर तीस मॉडेल होती, त्यातली निम्मी मी चिठ्ठी न बघता ओळखली, कोणाची आहेत ते. बाकीच्या दोघा जजचंही तेच. म्हणजे चिठ्ठीने लपलं काहीच नाही, आमच्या मनाला फक्त बरं वाटलं की आम्ही नाव बघितलं नाही.

अन् ओळखीचा माणूस म्हणून मी मुद्दाम मार्क वाढवतो असं नाही हो, तसं कोणीच करत नाही बहुतेक. होतं वेगळंच. पहिला नंबर आला तो 1/35 चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, रणगाडा, करणारा आपल्या ग्रुपमधलाच, गुणी माणूस आहे. त्याने पट्ट्याची एक-एक कडी सुटी करून, घासून, जोडून लावली, ते मी तीन महिने रोज रात्री ग्रुपवर बघत होतो. टेबलावर तो रणगाडा आला तेव्हा मला तो रणगाडा दिसतच नव्हता, मला त्याची मेहनत दिसत होती. मी नऊ दिले. त्या यावलच्या पोराची मेहनत मी बघितलेली नव्हती कारण तो ग्रुपवर नाहीच, त्याच्याकडे स्वतःचा फोन नाही. त्याच्या वाट्याला माझे दोन मिनिटं आले.

नंतर मी स्पर्धेचे फोटो मोठे करून करून बघितले, त्याचं मिग. ज्यांनी मिग-21 केलंय त्यांना माहितीये, बॉडीचे दोन अर्धे भाग असतात, ते जोडले की पाठीवरून अन् पोटाखालून लांब सांधा येतो. तो पुट्टीने भरायचा, मग 400, 800, 1200 चा पॉलिश पेपर ओला करून घासायचा, घासता घासता आजूबाजूच्या बारीक पॅनल लाइनी (पत्र्यांच्या जोडाच्या रेषा) पण पुसल्या जातात, त्या परत सुईने कोरायच्या. भलेभले ती परत कोरायची पायरी सोडून देतात. या पोराने कोरल्या होत्या. पाठीवरून सांधा गायब, लाइनी सरळ. 1/72 मध्ये या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत दहा सेंटिमीटरपण भरत नाहीत, तेवढ्याशा जागेत हे काम. बापाशी बोलताना कळलं होतं की पोरगा पहाटे पाचला उठून स्प्रे मारायचा, कारण मे महिन्यात आपल्याकडे दुपारी एअरब्रश धरला तर रंग हवेतच सुकतो अन् मॉडेलवर रवा पडल्यासारखा खरखरीत बसतो. ही अक्कल त्याला कोणी शिकवली नव्हती.

मग चूक काहीच नव्हती का? होती ना. डाव्या पंखावरच्या गोलाकडे बघा, आपल्या वायुसेनेचा गोल, आत हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. त्या डिकलच्या कडेने चकाकणारी चंदेरी छटा आली होती. म्हणजे खाली हवा राहिली. मॅट रंगावर डायरेक्ट डिकल लावला की हेच होतं, आधी ग्लॉस वार्निशचा एक हात द्यायचा, मग डिकल, मग वरून मॅट. अन् मागच्या चाकांपैकी एकाचा पाय बाहेरच्या बाजूला जरासा कललेला, समोरून डोळा जमिनीच्या लेव्हलला आणून बघितलं की कळतं. झालं, दोन वाक्यं. ही दोन वाक्यं त्याच्या बापाला पाहिजे होती, अन् माझ्याकडे नव्हती, कारण मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

2025 च्या सप्टेंबरात, 26 तारखेला, चंदीगडला मिग-21 रिटायर झालं, 1963 पासून होतं वायुसेनेत. अन् आपल्या शेजारी ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बनलेलं विमान ते. म्हणून यंदा टेबलावर मिग जास्त होते, अन् जास्त होते म्हणूनच मी ते भराभर उरकले, हेही खरं सांगतो.

मी स्वतः पण दुसऱ्या बाजूला उभा राहिलेलो आहे. काही वर्षांपूर्वी मी पीजे केली होती, आपली पाचोरा-जामनेर रेल्वे. लहानपणी मामाच्या गावाला त्याच गाडीने जायचो, लॉकडाऊनमध्ये थांबली ती परत धावलीच नाही, तेव्हा वाटलं निदान आपण तरी करून ठेवू. इंजिन अन् दोन डबे, 1/87 मध्ये, सगळं हाताने, प्लास्टिक शीट कापून. नंबर आला नाही, ठीक आहे, येतो जातो. पण महिन्याभराने टपरीवर कोणीतरी सांगितलं की जज म्हणत होते, "स्केल चुकलंय, डबे मोठे अन् रूळ बारीक." अरे, ती नॅरोगेज आहे! खऱ्या रुळात अंतरच 762 मिलिमीटर, त्याला 87 ने भागा, पावणेनऊ येतं, मी 9 मिलिमीटरचा ट्रॅक वापरला. ब्रॉडगेज 1676 असते, भुसावळला रोज तीच बघून डोळ्याला सवय तिची. उलट बाजारातला जो 16.5 चा एचओ (म्हणजे 1/87 चा) ट्रॅक लोक आपल्या ब्रॉडगेजच्या मॉडेलखाली घालतात तो स्केलने कमी पडतो, सव्वाएकोणीस पाहिजे, ते मात्र कोणाला खटकत नाही. आता जजला नॅरोगेज माहिती नसेल तर तो काही गुन्हा नाही. पण त्याने ते कागदावर लिहून माझ्या हातात दिलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, त्याला एक गोष्ट कळली असती, मला एवढी वर्षं मनात ठेवावं लागलं नसतं. लिहिलेल्या चुकीला उत्तर देता येतं. टपरीवर ऐकलेल्या गोष्टीला काय उत्तर देणार?

बाहेर कसं करतात तेही बघा. अमेरिकेतल्या आयपीएमएस या मॉडेलवाल्यांच्या संस्थेच्या स्पर्धेत जज तीन-तीनच्या टीमने फिरतात, ज्या गटात स्वतःचं मॉडेल आहे त्या गटाला हात लावत नाहीत, अन् आधी बेसिक काम बघतात, सांधे, सरळपणा, गोंदाचे डाग, काचेचा स्वच्छपणा. विषय भारी आहे, मोठा आहे, लाईट लागतात हे नंतर. रणगाडेवाल्यांची अॅम्प्स म्हणून संस्था आहे तिथे तर एकाची दुसऱ्याशी तुलनाच नाही, प्रत्येक मॉडेल ठरलेल्या दर्जाला लावून बघतात, चार जण गोल्डच्या लायकीचे असतील तर चौघांना गोल्ड, अन् कुठे काय कमी पडलं ते लिहून मिळतं. आपल्याकडे दिवाळीचा किल्ला, रेल्वे, विमान, थ्रीडी प्रिंटचा पुतळा एकाच टेबलावर अन् पहिला-दुसरा-तिसरा. भरीत भारी की शेवभाजी असं विचारल्यासारखं आहे ते.

आता लोक म्हणतील वेळ कुठे असतो. बरोबर आहे. तीस मॉडेल, एकाला पाच मिनिटं म्हटलं तरी अडीच तास. आम्हाला एक तास दिला होता, कारण पाच वाजता प्रमुख पाहुणे येणार होते. मग पाहुणे सातला बोलवा ना. नाहीतर एंट्री सकाळी दहाला बंद करा. आपण सत्काराला, शाल-नारळाला पाऊण तास काढतो अन् ज्याच्यासाठी सगळे जमले त्याला एक तास.

दुसरी गोष्ट लोक तोंडावर बोलत नाहीत पण खरी अडचण तीच आहे. लहान गाव आहे, चूक लिहून दिली की वाईटपणा येतो, उद्या तोच माणूस बाजारात भेटणार, लग्नात भेटणार. मला पण हेच वाटायचं. पण वाईटपणा आत्ता काय कमी आहे का? कोण कोणाच्या जवळचा, कोणाला का दिलं, हे वर्षभर चघळलं जातंच. दोन चांगली माणसं या एका निकालावरून एकमेकांशी बोलत नाहीत हे मला माहितीये. त्यांच्यातल्या एकाला जरी कारण कळलं असतं तरी तो चिडला असता, चार दिवस, अन् मग घासायला बसला असता.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी ज्यांनी मला परत विचारलंय त्यांना मी सांगून टाकलंय. मी येईन, पण शीटवर मार्काच्या शेजारी दोन ओळींची जागा पाहिजे, एक काय चांगलं अन् एक काय कमी, खाली माझी सही. झेरॉक्स स्पर्धकाला द्यायची, त्याच दिवशी. अन् ज्याचं काम मी ग्रुपवर बनताना बघितलंय त्या नंबरसमोर मी तसं लिहिणार, "ओळखीचं" म्हणून, मग माझे मार्क धरायचे की नाही ते बाकी दोघांनी ठरवायचं. अजून त्यांचं हो आलेलं नाही. विचार करून सांगतो म्हणाले.

पोराच्या बापाचा नंबर एंट्री फॉर्मवरून शोधला अन् मागच्या आठवड्यात फोन केला. म्हटलं, मी त्या दिवशी नीट बघितलं नाही, मला परत बघायचंय. तो म्हणे, "तुम्ही काहून फोन केला भाऊ, आम्हीच आलो असतो." रविवारी येताहेत दोघं, खोका घेऊन. टॉर्च चार्ज करून ठेवलाय, ग्लॉस वार्निशची एक बाटली काढून ठेवलीये, अन् दोन ओळी कागदावर आत्ताच लिहून ठेवल्यात, पण पहिली ओळ पाठीच्या सांध्याची आहे, ती आधी वाचून दाखवणार.