सिमेंटच्या फरशीवर अ‍ॅसिड ओतू नका हो!

आत्ताच मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटवरून आले. डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

आजोळच्या माजघरात होत्या तशा नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या घेतल्या होत्या तिने. मरून, पिवळा, काळा. मी दारात पोचले तेव्हा हॉलभर जमीन फसफसत होती. ठेकेदाराच्या माणसाने अ‍ॅसिड ओतून खराटा मारला होता. मरूनचा फिक्कट गुलाबी झालाय, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

अहो, ती भट्टीत भाजलेली टाइल नाही! पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग साच्यात ओतून प्रेसखाली दाबतात, मग पाण्यात ठेवून पक्की करतात. रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा. अ‍ॅसिड तोच थर खातं.

आणि अ‍ॅसिड लागलं का, तर कोऱ्या फरशीवर थेट काळं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, फासलं होतं. सिमेंटची फरशी सगळं पिते, डाग पडणारच. आधी फरशी पुसून, नीट वाळू देऊन सिलरचा, म्हणजे डाग आत शिरू न देणाऱ्या द्रवाचा, हात मारायचा, मग रंगाला जुळणारं ग्राउट भरायचं आणि लगेच पुसायचं. एवढं सोडून बाकी सगळं केलं.

वाईला आमचं घर बांधलं 1978 साली. मी आठ वर्षांची. मिस्त्रीकाकांनी मला पिंपाशेजारी बसवलं होतं. फरशी पाण्यात सोडायची, बुडबुडे थांबले की बाहेर काढून द्यायची. म्हणाले, "पोरी, फरशीला तहान लागलेली असते. आधी तिला पाज, नाहीतर मालातलं पाणी पिऊन बसेल." माल, म्हणजे फरशीखालचं सिमेंट-वाळूचं मिश्रण, लवकर सुकला की फरशी धरत नाही, मग पोकळ वाजते. आजच्या हॉलमध्ये मी बोटाने ठोकून पाहिलं. सहा फरश्या पोकळ.

व्हिट्रिफाइडला, म्हणजे भट्टीत भाजलेल्या, पाणी न पिणाऱ्या टाइलला, एवढे लाड लागत नाहीत, मान्य. पण मग व्हिट्रिफाइडच घ्या ना! 1922 साली स्वदेशीच्या ध्यासातून मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली, तेव्हाच्या कितीतरी जमिनी अजून लोकांच्या पायाखाली आहेत. आणि आपण एका दुपारी नवी जमीन जाळतो.

मिस्त्रीकाकांनी आधी अख्खी पडवी कोरडीच मांडली होती. सगळ्या पेट्यांतल्या फरश्या मिसळून, कारण रंगात थोडा फरक असतोच, एकाच कोपऱ्यात गडद चौकोन दिसायला नको. मग आईला हाक मारली, "वहिनी, आत्ताच बघून घ्या." आईने दोन फरश्या बदलायला लावल्या, त्यांनी हूं की चूं केलं नाही. बसवताना हातोडी नाही, तळहाताने दाबून, पाणसळ लावून. ठोकलं की केसासारखी चीर जाते, आज दिसत नाही, पहिल्यांदा पुसल्यावर दिसते.

त्या पोरावर मी ओरडले. ते चुकलं माझं. जेमतेम वीसचा असेल, हातात मोजे नाहीत, पायात स्लिपर, अ‍ॅसिडच्या वाफेने डोळे लाल. त्याला फुटावर पैसे मिळतात, आणि ग्रॅनाइट असो की सिमेंट, शेवटी अ‍ॅसिड मारायचं एवढंच शिकवलंय. मिस्त्रीकाकांना बाबा रोजावर पैसे द्यायचे. पडवीला नऊ दिवस लागले, कुणी घाई केली नाही. घाई करणारे आपणच. गृहप्रवेशाचा मुहूर्त आधी काढायचा आणि फरशीला चार दिवस मागायचे!

हॉलची जमीन आता पूर्वीसारखी व्हायची नाही. बेडरूमच्या पेट्या मात्र गॅलरीत अजून न उघडलेल्या आहेत. मोठा टब घेऊन उद्या नऊला जातेय. त्या पोरालाही थांब म्हटलंय, बुडबुडे थांबेपर्यंत दोघं बसू.