सोलापूर म्हणजे नुसती चादर नव्हे

"सोलापुरात बघायला काही नाही. सोळा खेडी मिळून झालेलं, इंग्रजांनी वसवलेलं गिरणगाव. गिरण्या बंद पडल्या, गाव संपलं. तुळजापूर-अक्कलकोटला जाताना चादर घ्या आणि पुढे निघा." सुट्ट्या लागल्या की हा मजकूर फिरायला लागतो. आमचे सोलापूरकरही तो पुढे पाठवतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतोय.

आधी ती सोळा खेडी, ज्यांच्यावरून सोलापूर हे नाव पडलं असं म्हणतात. त्यांची यादी सांगितली जाते, ती नीट वाचा. आदिलपूर, अहमदपूर, फतेपूर, खादरपूर, मुहम्मदपूर, शेखपूर ही नावं उघडच बहमनी-आदिलशाही काळातली किंवा त्यानंतरची आहेत. त्याच यादीत खुद्द सोलापूर आहे आणि सोन्नलगीही आहे. जे गाव सोळांतलंच एक, त्याचं नाव सोळांवरून कसं पडेल? सोलापूरचं ग्रामदैवत असलेले शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. कन्नड वचनपरंपरेत त्यांच्या गावाचं नाव सोन्नलिगे असं येतं. पुढे शिलालेखांत सोनलपूर दिसतं. सोनलपूरचं सोलापूर व्हायला सोळा खेड्यांची गरज नाही.

"इंग्रजांनी वसवलं" या वाक्याचा निकाल सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभं राहिलं की लागतो. समोर पाण्याने वेढलेलं देऊळ, बाजूला भुईकोट किल्ल्याचे बुरूज. तलाव सिद्धरामेश्वरांनी खोदवला असं परंपरा सांगते, किल्ला बहमनी काळातला. किल्ल्याच्या आत त्याहून जुन्या देवळाचे अवशेष आहेत. इंग्रज आले १८१८ च्या मे महिन्यात, आणि तेही पेशव्यांच्या फौजेशी लढून. रेल्वे आली १८६० साली, पहिली मोठी गिरणी, म्हणजे आमची 'जुनी मिल', त्यानंतर. मोरारजी गोकुळदासांनी ती इथे काढली, कारण कापूस, पेठ आणि विणकर इथे आधीपासूनच होते.

हे झालं जुनं. पण १९३० साल ज्याला माहीत नाही, त्याने सोलापूरला इतिहास नाही असं लिहू नये. ६ एप्रिलला इथल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटलं, गोळीबार झाला, आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस इथे इंग्रजी सत्ता चालली नाही. १२ मेपासून मार्शल लॉ. गांधी टोपीसुद्धा सोल्जरांच्या डोळ्यांत खुपत होती. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चौघांची नावं एकत्र वाचली की या शहराची वीण कळते. चौघांचे पुतळे भर चौकात आहेत. गाडीतून उतरून दोन मिनिटं तिथे थांबा.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. १९३८ साली चीनला गेलेला हा सोलापूरचा मुलगा जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिथेच वारला.

आता "बघायला काही नाही". संक्रांतीच्या सुमारास या आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, बघा. सात नंदीध्वज, एकेक काठी घराच्या छपरापेक्षा उंच. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कंबरेच्या पट्ट्यावर ती तोलत चालतो, आणि काठी जरा कलली की सगळ्या रस्त्याचा श्वास अडकतो. गावाभोवतीच्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता संमती कट्ट्यापाशी पडतात. "सत्यम सत्यम, नित्यम नित्यम, दिड्डम दिड्डम" म्हटलं की चहूबाजूंनी तांदूळ उडतो. केसांतून, शर्टाच्या कॉलरमधून घरी जाईपर्यंत दाणे निघत राहतात. "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर तेलुगू, कन्नड, मराठी बोलणारे एकाच सुरात करतात.

उन्हाळ्यात मात्र येऊ नका, इथलं ऊन पाहुण्याला सोसत नाही. हिवाळ्यात आलात तर नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप दिसतील. तिथलं अभयारण्य माळढोकासाठी केलेलं, पण तो पक्षी आता क्वचितच दिसतो, आणि त्याचं दुःख आम्हालाही आहे.

राहता राहिल्या गिरण्या. त्या बंद पडल्या हे खरं, आणि त्यात किती घरं मोडली हे आम्ही पाहिलं आहे. पण माग थांबले नाहीत. पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरा, यंत्रमागाची खडखड भिंतीतून ऐकू येते, ओट्यावर बायका विड्या वळत बसलेल्या असतात. गावाचं पोट आजही त्यांच्या हातांवर चालतं.

चादर जरूर घ्या. घेताना उलटून बघा. सोलापुरी जेकार्ड चादरीची नक्षी छापलेली नसते, विणीतच असते, त्यामुळे ती मागूनही तशीच दिसते, फक्त रंग अदलाबदल झालेले. एका बाजूने कोरी किंवा फिकी दिसली, तर ती आमची नाही.