दुबई आपलीच की!

दुबईत कधीकाळी नोकरी केलेल्या माणसानं टुरिस्ट व्हिसा काढताना एजंटला आधी आपला सगळा इतिहास सांगावा. किती वर्षं काढली, करामा भागात कितव्या मजल्यावर बेडस्पेस, म्हणजे भाड्याची खाट, होती, त्याआधी कुठल्या कॅम्पात होतो (कॅम्प म्हणजे आपला बेळगावचा नव्हे, सोनापूरचा, कामगारांच्या वस्तीचा). एजंट शांतपणे विचारेल, "तीस दिवसांचा काढू की साठ?" तेव्हा रागावू नका. परत करायचं राहून गेलेलं जुनं एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, त्याच्या टेबलावर ठेवा. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की साध्या नोकरीवाल्याची रेसिडेन्सी तशीही संपते, त्यामुळे त्या कार्डाचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवण्यापुरताच उरतो.

पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी असेल तर तीही तशीच राहू द्या. पूर्वी तसाच गेला होता ना? पूर्वी तुमच्याकडे रेसिडेन्सी होती. नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टाला व्हिजिट व्हिसावर प्रवेश मिळत नाही. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर भागतं. हे आधी पाहिलं तर पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो. आधी नाही पाहिलं तर चोर्ला घाट उतरून गोव्याच्या विमानतळावर काउंटरपाशी उभं राहिल्यावर कळतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही, त्यामुळे परत फिरायचं ते घाट चढूनच. जन्मगावाच्या रकान्यात पासपोर्टावर 'बेलगाम' छापलं असेल तर अर्जात 'बेळगावी' लिहून व्याकरण सुधारायला जाऊ नका. १ नोव्हेंबर २०१४ च्या नामांतराशी त्या अर्जाला काही देणंघेणं नाही. पासपोर्टावर जे आहे तेच, अक्षर न अक्षर.

आता देणी. नोकरी सुटताना क्रेडिट कार्ड बंद केलं नव्हतं, पोस्टपेड सिमचं शेवटचं बिल भरलं नव्हतं, रूम पार्टनरच्या कर्जाला दिलेला चेक परत घेतला नव्हता, असलं काही मनात आलं तर झटकून टाका. "एवढ्या वर्षांनी कोण बघतंय!" बघणारं यंत्र असतं आणि ते विसरत नाही. खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला चेक २०२२ पासून सहसा फौजदारी गुन्हा धरला जात नाही, पण दिवाणी वसुली आणि प्रवासबंदी होतेच. गंमत अशी की बंदी असली तरी आत जाताना कधी कधी कुणी अडवत नाही, अडवतात ते परत निघताना. दुबई पोलिसांच्या अॅपवर आर्थिक गुन्ह्यांची चौकशी करता येते. तिला जुना आयडी नंबर लागतो. म्हणजे चहाच्या कपाखालचं ते कार्ड एकदा तरी उपयोगाला येईल.

बॅग भरताना वहिनींचं ऐका. जुन्या रूमवाल्यांसाठी कुंदा तर हवाच, पण तिथल्या वहिनींसाठी बेळगावी मटणाचा घरगुती मसालाही हवा. त्यात खसखस असते. खसखस तिथं अमली पदार्थांच्या यादीत बसते, आपल्याकडे ती वाटणात बसते, एवढाच फरक. डब्यावर चिठ्ठी चिकटवून 'मसाला' लिहिलं की खसखस नाहीशी होत नाही. तीच गत कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची आणि दुखण्यावरच्या ट्रामाडॉलच्या गोळ्यांची: त्यांच्यासाठी नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही, आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

उतरल्यावर टॅक्सी करू नका. विमानतळावरून मीटर पंचवीस दिरहमपासून सुरू होतं आणि तुम्ही तर इथलेच. मेट्रोच्या गेटवर पाकिटातलं जुनं नोल, म्हणजे प्रवासाचं कार्ड, ऐटीत टेकवा. गेट उघडणार नाही. पुन्हा टेकवा, जरा जोरात. चांदी रंगाच्या नोलचं आयुष्य पाच वर्षांचं असतं. ते संपलं की ते नुसतं प्लास्टिक. मागे रांग वाढली की बाजूला होऊन खिडकीवर नव्या कार्डाचे पंचवीस दिरहम द्या. त्यातले एकोणीस प्रवासाला उरतात. आत शिरल्यावर सवयीनं रिकाम्या दिसलेल्या डब्यात घुसाल. तो बायका-मुलांचा डबा असेल तर शंभर दिरहम दंड. पुढचा ऐसपैस, जास्त भाड्याचा गोल्डचा डबा असेल तरी शंभरच. तोंडात च्युइंगम असेल तर त्याचेही शंभर.

स्टेशनांची नावं मात्र कुणाला विचारू नका, तुम्हाला पाठ आहेत. मीना बाजारला जायचं म्हणजे अल फहिदीला उतरायचं. नकाशात अल फहिदी सापडणार नाही, कारण त्या स्टेशनाला आता शरफ डीजी म्हणतात. आणि तुमच्या आठवणीतलं शरफ डीजी बर्शाकडं, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या शेजारी होतं. त्याचं नंतर मश्रिक झालं. म्हणजे जुन्या माणसानं "शरफ डीजीला ये" म्हटलं की नवा माणूस बुर दुबईत उतरतो आणि जुना बर्शात वाट पाहतो. यावर संतापून भाषण ठोकायचं असेल तर बेळगावकरानं तरी ठोकू नये. आपलं गाव १९५६ साली जागचं न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला गावाचंही नाव बदललं, आणि गणपत गल्लीतला भाजीवाला अजून त्याच जागी बसलाय. नाव बदललेल्या ठिकाणी जुन्याच नावानं हाक मारत राहण्यात आपल्याइतकं तयार कोणी नाही.

मित्रांना भेटायचं तर गुरुवारी रात्रीच बोलवा. शुक्रवारी सुट्टी ना! १ जानेवारी २०२२ पासून तिथली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला. बहुतेक खासगी ऑफिसांनीही तोच वार धरला. गुरुवारी रात्री अकराला तुम्ही जुन्या आठवणींत रंगाल, तेव्हा समोरचा डोळे चोळत म्हणेल, "भावा, सकाळी सहाला गाडी येते." तेवढ्यात घरी वॉट्सअॅपवर कॉल लावून पाहा. वाजल्यासारखं होईल, आवाज येणार नाही. तिथल्या नेटवर्कवर तो चालत नाही, तुम्ही होता तेव्हाही चालत नव्हता, पण घरी बसून माणूस हे आधी विसरतो.

एक गोष्ट मात्र मनापासून करा. डेरा ओल्ड सूकच्या धक्क्यावर जाऊन अब्रा पकडा. लाकडी होडी, मधोमध इंजिनाची पेटी, तिच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून बसायची फळी. नावाडी मधल्या खड्ड्यात, कधी सुकाणू पायानंच धरलेलं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तो हात पुढं करतो, त्यावर कॉफीची किटली कोरलेलं एक दिरहमचं नाणं ठेवायचं. देव्हाऱ्याच्या खणात इतकी वर्षं पडलेलं नाणं इथं चालतं. तुमच्याजवळच्या जुन्या वस्तूंपैकी बहुधा हे एकच. पलीकडं होडी टायरांवर आपटून मागं सरकते, तेव्हा जुन्या सवयीनं आधीच उभे राहिलेले तेवढे धडपडतात. सब्खाच्या धक्क्यावरून बसलात तर पलीकडं वेगळ्याच धक्क्यावर लागाल, आणि शंकराचं जुनं देऊळ शोधत गल्लीत फिराल. ते २०२४ च्या सुरुवातीला जेबेल अलीला हललं.

परतीच्या दिवशी पाच टक्के व्हॅट परत घ्यायचा असतो. एका दुकानात किमान अडीचशेची खरेदी, दुकानदारानं पासपोर्ट बघून केलेली नोंद, आणि मोठी बॅग आत जाण्याआधी विमानतळावरच्या व्हॅट काउंटरवर शिक्कामोर्तब. बॅग पट्ट्यावरून गेल्यावर आठवलं तर पैसे त्यांचेच. सोनं घेतलं असेल तर भारतात उतरल्यावर खरी परीक्षा. पुरुषाला वीस ग्रॅम आणि बाईला चाळीस ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात, पण परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यालाच. कस्टमवाला विचारेल, "कितने दिन रहे?" आठवडाभर टॅक्सीवाल्याला, चहावाल्याला, मेट्रोतल्या अनोळखी माणसाला ज्यांनी "अपुन इधर का ही है" सांगितलं, त्यांनी हे वाक्य इथं एकदा म्हणून बघावं. व्हिसा तीस दिवसांचा, आणि त्यातले वापरले सहा.