उचल न लागणाऱ्या बाईची गोष्ट

आमच्या शाखेबाहेर महिन्यातून एकदा सकाळी साडेनऊपासूनच बायकांची रांग लागते. लाडकी बहीणचे पैसे जमा झाल्याचा मेसेज एकीला आला की तासाभरात अख्ख्या परळभर झालेलं असतं. पासबुक पुढे सरकवतात आणि विचारतात, "मॅडम, आले का बघा ना." मी २८ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसते.

मध्यंतरी त्यातल्याच एक मावशी पाचशे रुपयांची आरडी उघडायला आल्या. पाच घरी धुणीभांडी करायच्या, आता चार. तापात दोन खाडे झाले म्हणून एका घरी पैसे कापले, वर नाही नाही ते ऐकवलं. मावशींनी ते घर सोडलं. "पूर्वी नसतं सोडलं मॅडम. त्यांची उचल अंगावर असायची ना. आता उचल लागतच नाही."

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर, म्हणजे प्रत्येकाला दरमहा विनाअट ठरावीक रक्कम देण्यावर वाद सुरू झाला की मला ही उचल आठवते. ज्याच्याकडे पुढच्या आठवड्याचे पैसे नाहीत, त्याला समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो. मजुरीचा बाजार असाच चालतो.

हे मी घरात पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यात माझे बाबा होते. मी तेव्हा दहा वर्षांची. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग मंगळसूत्र. आईने दहा माणसांची खानावळ सुरू केली. साच्यांवर उभा राहिलेला माझा बाप शेवटी एका इमारतीत वॉचमन झाला, गिरणीतल्या पगाराच्या निम्म्यावर. नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण त्या नोकरीसाठी दारात आणखी वीस जण उभे होते. तेव्हा घरात दरमहा थोडी जरी खात्रीची रक्कम येत असती, तर बाबांनी दोन महिने थांबून बरं काम शोधलं असतं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, फुकटच्या पैशांनी बायका आळशी झाल्या, कामाला मिळत नाहीत. मला फार लागलं ते. २०११ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या काही गावांत कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने असे विनाअट पैसे देण्याचा प्रयोग केला. मोठ्या माणसाला दरमहा आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे. लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबले, शेळ्या घेतल्या. अमेरिकेत अलीकडे महिना हजार डॉलर तीन वर्षं देऊन पाहिले, तिथे काम घटलं, पण आठवड्याला सव्वा तासाच्या आसपास. आपल्या मावशींनी आठवड्यात सव्वा तास पाठ टेकली तर कुणाचं काय बिघडतं?

असे पैसे दिले की महागाई वाढेल, हा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. केनियाच्या सियाया भागात साडेदहा हजार गरीब कुटुंबांना सुमारे हजार डॉलर एकदाच दिले, तर प्रत्येक डॉलरमागे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत जवळपास अडीच डॉलरची भर पडली आणि किमती जेमतेम हलल्या. तिथे दुकानं, पिठाच्या गिरण्या, हात रिकामे होते, मागणी आल्यावर ते कामाला लागले. मुंबईत तांदूळ-तेलाचंही तसंच होईल, कारण माल बाहेरून येतो. पण खोली कुठून येणार? दहा बाय बाराच्या खोलीला अकरा महिन्यांचा करार असतो. करार संपला की घरमालक भाडं वाढवतो, आणि भाडेकरूच्या हातात पैसा आहे हे त्याला कळलं तर जास्तच वाढवेल. भाड्याच्या घरांचा प्रश्न सोडवल्याशिवाय मुंबईत हे पैसे दिले, तर त्यातला मोठा वाटा मालकाच्या खिशात जाईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि पैसा कुठला? प्रत्येक भारतीयाला दरमहा १,५०० द्यायचे तर वर्षाला २५ लाख कोटी लागतील, केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या जवळपास निम्मे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी लहान आकडा मांडला होता, माणशी वर्षाला ७,६२० रुपये, ७५ टक्के लोकांना. तोही जीडीपीच्या ४.९ टक्क्यांवर जात होता. नुसती खैरात म्हणून हे उभं राहणार नाही, कर लावावा लागेल. पण महाराष्ट्राने हे एकदा केलंय. तुमच्या-माझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेसाठीच आला. दुष्काळी गावातल्या बाईला खडी फोडायचं का होईना काम मिळावं, म्हणून मुंबईतल्या नोकरदारांनी पैसे भरले.

लाडकी बहीणला मी सार्वत्रिक उत्पन्न म्हणत नाही. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा अटी आहेत. आरडी उघडायला मावशींबरोबर त्यांच्या सासूबाई आल्या होत्या. वय ६८, अजून दोन घरी भांडी घासतात. फॉर्म भरून होईपर्यंत त्या खुर्चीच्या कडेला बसून होत्या, बोटांना राखेच्या भेगा. निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, पासष्टच्या पुढं पोट नसतं का गं?"